कोयनेचा आलेख वाचणारे रुरकीचे मास्तर

ठोकताळा (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

जय कृष्ण हे नाव सिव्हिलवाल्यांनी बहुधा पुस्तकावर वाचलेलं असतं. ओ. पी. जैन आणि जय कृष्ण या जोडीचं आरसीसीचं पुस्तक कित्येक इंजिनिअरांनी परीक्षेच्या आदल्या रात्री उशाशी घेतलंय. लेखकांपैकी एकानं, म्हणजे जय कृष्णांनी, आपल्या देशात भूकंप अभियांत्रिकी हा विषयच उभा केला, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमच्या सरांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

जन्म ९ फेब्रुवारी १९१२, मुझफ्फरनगर. शिक्षण रुरकीच्या थॉमसन कॉलेजात. हे कॉलेज १८४७ चं, गंगेच्या कालव्यासाठी माणसं तयार करायला इंग्रजांनी काढलेलं. म्हणजे पाणी, माती, विटा आणि पूल ही तिथली घरची विद्या. जय कृष्ण पुढे तिथेच शिकवू लागले आणि कॉलेजचं विद्यापीठ झाल्यावरही तिथेच राहिले. त्यांच्या कामाचा मोठा भाग त्याच गावात झाला.

१५ ऑगस्ट १९५० ला आसामात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर कोसळले, नद्यांचे प्रवाह अडले. जमिनीवर नोंदल्या गेलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी हा एक. पण वस्ती विरळ होती आणि देश नुकता स्वतंत्र झालेला, त्यामुळे काही वर्षांत विषय मागे पडला. त्याच सुमारास हिमालयाच्या पायथ्याशी भाक्रा उभं राहत होतं आणि पुढच्या धरणांची यादी तयार होत होती. धरणाला हादरा बसला तर काय होईल, याचं उत्तर देणारा माणूस देशात जवळजवळ नव्हता. ए. एन. खोसला, भाक्रावाले, १९५४ ते १९५९ रुरकीचे कुलगुरू होते. असा धरणांचा माणूस खुर्चीत असताना भूकंपाचा अभ्यास तिथे मूळ धरू लागला, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात जय कृष्ण कॅलिफोर्नियात कॅलटेकला गेले. तिथे जॉर्ज हाउसनर आणि डोनाल्ड हडसन ही मंडळी होती. हाउसनर म्हणजे या विषयातलं सर्वांत मोठं नाव. 'रिस्पॉन्स स्पेक्ट्रम' ही कल्पना व्यवहारात आणण्यात त्यांचा मोठा वाटा. थोडक्यात सांगतो, कारण पुढे लागणार आहे. प्रत्येक इमारतीला डोलण्याची स्वतःची लय असते. ठेंगणी इमारत भराभर हलते, उंच इमारत संथ. त्यामुळे एकच भूकंप एका इमारतीला झोडपून काढतो आणि शेजारचीला हलकेच हलवून सोडून देतो. कुठल्या लयीच्या इमारतीला जास्तीत जास्त किती झटका बसेल, हे एका वक्ररेषेवर मांडलं की झाला स्पेक्ट्रम. जमीन किती हलली यापेक्षा डिझायनरला हेच हवं असतं.

परत आल्यावर १९५९ मध्ये रुरकीला भूकंप अभियांत्रिकीवरचं देशातलं पहिलं चर्चासत्र भरलं. १९६० मध्ये स्वतंत्र संशोधन-प्रशिक्षण केंद्र निघालं. तिथले लोक त्याला नुसतं 'अर्थक्वेक स्कूल' म्हणत. १९६२ मध्ये आयएस १८९३ ही भूकंपरोधक बांधकामाची पहिली भारतीय संहिता आली आणि त्याच वर्षी इंडियन सोसायटी ऑफ अर्थक्वेक टेक्नॉलॉजी सुरू झाली. मानक संस्थेच्या भूकंपविषयक समितीचं अध्यक्षपद पुढे बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं.

या तारखांकडे जरा बघा. आसामला दहा वर्षं होऊन गेलीत आणि कोयना अजून व्हायचीय. आपल्याकडे एरवी दुर्घटना, समिती, अहवाल, संस्था असा क्रम असतो. इथे संस्था आधी आली. मला या माणसाचं मोठेपण सर्वांत जास्त इथे दिसतं.

दुसरी गोष्ट उपकरणांची. भूकंपात जमीन नेमकी कशी हलली याची नोंद घेणारी यंत्रं तेव्हा परदेशातून यायची आणि महाग असायची. रुरकीनं 'स्ट्रक्चरल रिस्पॉन्स रेकॉर्डर' नावाचं साधं यंत्र तयार केलं. त्यात सहा लोलक. ०.४०, ०.७५ आणि १.२५ सेकंद अशा तीन लयींचे, प्रत्येक लयीचे दोन, एकाला ५ टक्के अवमंदन (डोलणं शमवणारा विरोध) आणि दुसऱ्याला १०. भूकंप आला की लोलकाची सुई काजळी धरलेल्या काचेवर ओरखडा काढते. ना वीज, ना फिल्म. ओरखडा मोजला की स्पेक्ट्रमवरचे सहा बिंदू हातात. देशभर बसवायला परवडेल असं यंत्र. पुढे रुरकीनं 'रेसा' नावाचा स्वतःचा ॲक्सेलरोग्राफही (जमिनीच्या त्वरणाचा आलेख काढणारं यंत्र) बनवला.

१९६६ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. आणि मग ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं.

कोयनेबद्दल इथे बऱ्याच जणांना घरातूनच माहिती असेल. तीव्रता साधारण ६.३, बळी पावणेदोनशे ते दोनशे, कोयनानगर जमीनदोस्त, वीज गेल्यामुळे मुंबईतले कारखाने बंद. दख्खनचं पठार म्हणजे अचल, इथे भूकंप होत नाहीत, हा समज त्या पहाटे मोडला. धरणात पाणी साठायला लागल्यापासून, म्हणजे १९६२ पासून, गुरगुर आणि धक्के जाणवत होते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रानं तिथे भूकंपमापकं बसवली होती. आणि धरणाच्याच गॅलरीत एक ॲक्सेलरोग्राफ होता. तो चालू राहिला. धरणाच्या लांबीच्या दिशेनं ०.६३ जी, प्रवाहाच्या दिशेनं ०.४९ जी आणि उभ्या दिशेनं ०.३४ जी असा त्वरण-आलेख त्यानं दिला. (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण.) धरणाचं डिझाइन होतं ०.०५ या गुणांकावर, म्हणजे वजनाच्या ५ टक्के आडवं बळ धरून.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न पडतो, धरण राहिलंच कसं? जय कृष्ण, ए. आर. चंद्रशेखरन आणि एस. एस. सैनी यांनी या आलेखाचं विश्लेषण १९६९ मध्ये अमेरिकन सिस्मॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. विश्लेषण करायला माणसं तयार होती, कारण ती सात वर्षं आधीपासून तयार केली जात होती.

१९७० मध्ये संहितेतला भूकंप-धोक्याचा नकाशा बदलला. आधी शून्य ते सहा असे सात विभाग होते (आकडा मोठा तितका धोका जास्त), ते पाच झाले. शून्य विभाग रद्द, म्हणजे 'इथे भूकंप होणारच नाही' असं म्हणायची सोय संपली. कोयना परिसर चौथ्या विभागात गेला.

बाकीचं भराभर सांगतो. १९७१ ते १९७७ रुरकी विद्यापीठाचे कुलगुरू, १९७२ मध्ये पद्मभूषण. जानेवारी १९७७ मध्ये सहावी जागतिक भूकंप अभियांत्रिकी परिषद दिल्लीत भरली आणि १९७७ ते १९८० ते भूकंप अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. १९८७ मध्ये इंडियन नॅशनल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचे पहिले अध्यक्ष. २७ ऑगस्ट १९९९ ला निधन.

पदांमध्ये मला फार रस नाही. धरणाएवढंच त्यांचं लक्ष विटांच्या साध्या घरांवर होतं, ते मला जास्त भावतं. पण आधीच लांबलंय. प्रतिसादांत बोलू.

---

रेवा

मस्त लेख. सिव्हिलशी संबंध नाही तरी सलग वाचला. काजळीच्या काचेचं यंत्र फार आवडलं. ती यंत्रं पुढे खरंच कामाला आली का, की नुसतीच बसवली?

---

ठोकताळा

आली की. २००१ च्या भुज भूकंपात केंद्राजवळच्या जोरदार हालचालीचा नीट आलेख देणारं आधुनिक यंत्र तिथे नव्हतंच. तेव्हा कच्छ आणि आसपासच्या या रेकॉर्डरांच्या ओरखड्यांवरूनच अंदाज बांधावे लागले. अहमदाबादला पासपोर्ट ऑफिसच्या इमारतीत रुरकीची यंत्रं होती, तिथे पायथ्याशी सुमारे ०.१ जी ची नोंद मिळाली. भुजपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, तरीही शहरात बहुमजली इमारती पडल्या, त्यामुळे ही नोंद मोलाची ठरली.

---

नाठाळ

लेख चांगला, पण 'विषयच उभा केला' हे जरा जास्त होतंय. त्यांच्या तीस वर्षं आधी क्वेट्ट्याला एस. एल. कुमार नावाचा रेल्वेतला तरुण इंजिनिअर होऊन गेला. १९३१ मध्ये बलुचिस्तानात माचचा भूकंप झाला, त्यानंतर त्यानं रेल्वेच्या क्वार्टर्स जुने रूळ वापरून भूकंपरोधक बांधल्या, ०.१० जी चं बळ धरून. १९३३ मध्ये लाहोरच्या पंजाब इंजिनिअरिंग काँग्रेसमध्ये निबंध वाचला, त्यात भारताचा भूकंपप्रवण विभागांचा नकाशाही दिला. आणि ३१ मे १९३५ च्या रात्री क्वेट्टा झोपेत गाडलं गेलं, हजारो माणसं गेली, तेव्हा ही रेल्वेची घरं उभी राहिली. आपल्याकडचा आद्य म्हणायचा तर हा. जय कृष्ण विद्यापीठात होते, नाव झालं. कुमारांचं नाव कुणाला माहीत नाही.

---

ठोकताळा

नाठाळभाऊ, कुमारांची आठवण काढलीत ते फार बरं केलंत. त्यांच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. चार वर्षांत स्वतःच्या डिझाइनची परीक्षा झालेली बघायला मिळणारा इंजिनिअर विरळा.

पण बघा, कुमारांच्या घरांमुळे क्वेट्ट्याचे बांधकाम-नियम बदलले. विटांच्या भिंतीत पोकळी ठेवून उभ्या सळया घालायची 'क्वेट्टा बाँड' पद्धत तिथे रुळली. आणि तिथेच थांबली. फाळणीनंतर तर क्वेट्टा सीमेपलीकडे गेलं. रुरकीला शिकून बाहेर पडलेली मुलं देशभरच्या पीडब्ल्यूडी, पाटबंधारे आणि कॉलेजांत गेली. कुमार आद्य म्हणा, माझी हरकत नाही. पण परंपरा सुरू झाली ती रुरकीतून.

---

शिवसागर_चिपळूण

माझ्या आजीला कोयनेची रात्र पक्की आठवायची. पोफळीला होते तेव्हा. आधी आवाज आला आणि मग हलायला लागलं, असं सांगायची. नंतर कितीतरी दिवस माणसं अंगणात झोपायची, डिसेंबरच्या थंडीत. आमच्याकडे अजून बारीक धक्के येतात, त्याचं कुणाला विशेष वाटत नाही. मांडणीतली भांडी वाजली की आई म्हणते, आला बघ.

एक विचारायचं होतं. धरणाला तडे गेले होते असं लहानपणी ऐकलंय. खरं का? की गावगप्पा?

---

पर्थचा_बाळ्या

@शिवसागर, खरंय. मी ऑस्ट्रेलियात धरणांच्या सुरक्षेवरच काम करतो, त्यामुळे याबाबतीत राहवत नाही.

उंच मोनोलिथना (धरण ज्या काँक्रीटच्या उभ्या ठोकळ्यांचं बनतं ते) आडवे तडे गेले, माथ्यापासून साधारण ३५-३६ मीटर खाली आणि दोन्ही अंगांना, पाण्याकडच्या आणि खालच्या. नेमके तिथेच का, यात सगळी गंमत आहे. धरण आधी दोन टप्प्यांत बांधायचं ठरलं होतं, आत्ता कमी उंचीचं आणि पुढे वाढवायचं. काम चालू असताना पूर्ण उंचीचं एकदम बांधायचा निर्णय झाला. त्यामुळे खालच्या अंगाचा उतार एका पातळीवर एकदम बदलतो, वर उभट आणि खाली तिरका. या सांध्याशी ताण एकवटला.

जुन्या पद्धतीत धरणाच्या वजनाच्या ५ टक्के बळ आडवं लावायचं, तळापासून माथ्यापर्यंत सारखंच. त्या हिशेबात वरच्या भागात काळजीचं काही दिसतच नाही, सगळी चिंता टाचेची. पण धरण हलताना माथा तळापेक्षा कितीतरी जास्त हलतो. बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये गणितानं दाखवलं की कोयनेत त्या वळणापाशी ताण काँक्रीटच्या ताणशक्तीपलीकडे जातो, दोन्ही अंगांना. गणित आणि तडे जुळले. जगभरच्या धरण-डिझायनरांनी सरसकट गुणांकाचा हिशेब संशयानं बघायला सुरुवात केली, त्यात कोयनेचा वाटा फार मोठा.

आजही 'ॲबॅकस' या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत कोयना धरण आहे. चीन, इराण, तुर्कस्तानातली पोरं एम.टेक.ला कोयनेवर तडे काढून बघतात. कोयना कुठे आहे हे विचारलं तर सांगता येत नाही बऱ्याच जणांना!

---

शिवसागर_चिपळूण

बाप रे. हे आमच्या शाळेत सांगायला हवं होतं. मग दुरुस्ती काय केली?

---

पर्थचा_बाळ्या

तड्यांत इपॉक्सी भरलं, पोलादी केबल्स ताणून भाग आवळून धरले आणि मग खालच्या अंगानं काँक्रीटचे टेकू (बट्रेस) देऊन उंच भाग जाड केला. ते काम १९७३ पर्यंत झालं. पुढे उरलेल्या भागाचंही मजबुतीकरण झालं. आज लोक पर्यटनाला जाऊन जे बघतात त्यातलं बरंचसं काँक्रीट भूकंपानंतरचं आहे.

---

उमरगेकर

सगळं खरं. पण मला एक खुपतं. १९७० ला नकाशा बदलला म्हणता. त्याच नकाशात आमचा भाग पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. चार वाजायला चारेक मिनिटं कमी असताना किल्लारी गेलं. आठ-दहा हजार माणसं.

आमचं आजोळ त्या पट्ट्यातलं. दोन-अडीच फुटी भिंती, दगड आणि माती. वर माळवद, त्यावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची, म्हणजे बोजा वर्षागणिक वाढताच. उन्हाळ्यात गार लागायचं. त्याच मातीनं माणसं गुदमरली. रुरकीच्या समितीला मराठवाडा दिसला नाही का?

---

ठोकताळा

उमरगेकर, प्रश्न रास्त आहे आणि त्याला मऊ उत्तर नाही. तेव्हाचे नकाशे मुख्यतः झालेल्या भूकंपांवरून काढले जात. जिथे नोंद नाही तिथे धोका नाही. कोयना झाल्यावर कोयना चौथ्यात, किल्लारी झाल्यावर २००२ मध्ये पहिला विभागच रद्द होऊन किल्लारी तिसऱ्यात. नकाशा भूकंपाच्या मागून धावत राहिला. कोयनेनंतर तरी पठाराबद्दल जास्त सावध राहायला हवं होतं, असं मलाही वाटतं, आणि ही जबाबदारी समितीच्या अध्यक्षांवरही येतेच.

पण किल्लारी फक्त नकाशानं मारली नाही. समजा नकाशात तिसरा विभाग असता, तर आजोळचं घर वेगळं बांधलं गेलं असतं का? गावातलं घर गवंडी बांधतो, संहिता बघून कुणी बांधत नाही. इथेच रुरकीचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम येतं. साठच्या दशकातच जय कृष्ण आणि ब्रिजेश चंद्र विटांच्या घरांना स्वस्तात बळकटी कशी द्यायची यावर काम करत होते. कोपऱ्यात उभी सळई आणि जोत्याला, लिंटलला (दारं-खिडक्यांच्या वर), छताखाली सलग आडवा पट्टा. टोपलीचा काठ विणून बंद केला नाही तर कामट्या मोकळ्या सुटतात, तसं भिंतींचं होतं. चारी भिंती स्वतंत्र हलतात आणि बाहेर पडतात. हे सांगणारी आयएस ४३२६ ही संहिता १९६७ मध्येच निघाली.

पुढे रुरकीत याची चाचणी कशी करायचे माहितीये? महागडं शेक टेबल (भूकंपासारखा हलवता येणारा चौथरा) परवडेना, म्हणून रुळांवर मालगाडीच्या वाघिणी उभ्या केल्या. एकीवर विटांची छोटी घरं बांधायची आणि दुसरी वाघीण येऊन तिला धडकायची! पट्टा नसलेलं घर ढासळायचं, पट्टा असलेलं तडे जाऊन उभं राहायचं. अस्सल सरकारी-रेल्वे जुगाड, पण कामाचा.

जय कृष्णांचे सहकारी आनंद स्वरूप आर्य यांनी माती-दगडाच्या घरांचा हा धागा पुढे नेला. गंमत म्हणजे (गंमत कसली) कच्च्या आणि दगडी घरांसाठीच्या संहिता छापून आल्या १९९३ मध्येच.

---

उमरगेकर

पटलं अर्धं. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी बसवली, त्या घरांत लिंटलचा पट्टा आहे, तो मी बघितलाय. पण ज्यांची घरं पडली नाहीत, नुसती चिरली, त्यांनी मातीनं लिंपून परत माळवद घातलेलं पण बघितलंय. १९६७ ला कळलेली गोष्ट गवंड्यापर्यंत यायला १९९३ उजाडलं, आणि तेही माणसं मेल्यावर.

---

गवंडीदादा

मी पुण्यात साइट सुपरवायझर आहे, नाव नुसतं हौसेचं. वरच्या दोघांचं वाचून सांगतो, गवंड्याला दोष देऊ नका. त्याला कुणी ड्रॉइंगसकट समजावलं तर तो करतो. दगडी भिंत बांधताना मधेमधे भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा, ही जुन्या पाथरवटांना माहीत असलेलीच गोष्ट. चांगला लांब दगड महाग पडतो म्हणून सुटली. आतला-बाहेरचा थर वेगळा झाला आणि मधे भर. भिंत फुगून फुटते ती त्यामुळे.

आरसीसीतही तेच. कॉलमच्या रिंगांचा हूक १३५ अंशांत आत वळवायचा, काँक्रीटच्या पोटात. बहुतेक साइटवर ९० चाच असतो, कारण १३५ वळवायला वेळ लागतो आणि सळई बांधणारा नगावर पैसे घेतो. वरून प्लास्टर झालं की कुणाला दिसतंय?

---

नाठाळ

+१. आणि कन्सल्टंट सहीपुरता.

---

रेवा

आता भीती वाटायला लागली! आमची सोसायटी १९९८ ची, कोथरुडात, खाली सगळं पार्किंग, वर सात मजले. काय बघायचं असतं? बिल्डरला विचारून उपयोग नाही, तो आता फोन उचलत नाही.

---

ठोकताळा

रेवाताई, घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. खाली नुसते खांब आणि वर विटांच्या भिंती, यामुळे वरचे मजले एकसंध ठोकळ्यासारखे हलतात आणि सगळी ओढाताण तळमजल्याच्या खांबांवर येते. अहमदाबादला २००१ मध्ये पडलेल्या बऱ्याच इमारती याच घाटाच्या. २००२ च्या संहितेनं अशा मजल्याचे खांब-बीम अडीचपट बळासाठी डिझाइन करा असं सांगितलं. तुमची इमारत त्याआधीची.

सोसायटीच्या सभेत तीन गोष्टी मागा. मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंगच्या प्रती, बिल्डरकडे नसतील तर पालिकेच्या फायलीतून. मग बिल्डरशी संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी, आणि ती नुसती गळती-गंज बघणारी नको. खांबांत सळई आणि रिंगा किती व कशा आहेत हे यंत्रानं तपासून भूकंपाचा हिशेब करून द्या, असं लेखी सांगा. तिसरं, पार्किंगमध्ये काही खणांत काँक्रीटच्या भिंती घालणं किंवा खांबांना जॅकेट करणं (भोवती नवा थर देऊन जाड करणं) शक्य आहे का, याचा खर्चासकट प्रस्ताव. दोन्ही दिशांना आणि दोन्ही बाजूंना समतोल भिंती लागतात, एकाच कोपऱ्यात घातल्या तर इमारत पिळवटते. चार-पाच गाड्यांच्या जागा जातील. भांडण त्यावरूनच होईल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

---

गवंडीदादा

आणि तळमजल्याच्या खांबाला भोक पाडून कुणी पाण्याचा किंवा ड्रेनेजचा पाइप नेला असेल तर आधी तो बंद करा. आमच्याच बिल्डिंगमध्ये निघाले दोन.

---

रेवा

उद्याच बघते. आमच्याकडे एका खांबाला सायकल स्टँडसाठी ड्रिल मारलेलं आठवतंय.